बरोबरीचे ज्ञान: बुद्धिबळाचे इंजिन आणि अभावाचा प्रश्न

बुद्धिबळात मात झाली की ती पटावर दिसते. बरोबरी तशी दिसत नाही. पांढऱ्यापाशी जिंकण्याचा मार्ग नाही आणि काळ्यापाशीही नाही, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे ती दोन अभावांची जोडी आहे. एखादी गोष्ट आहे हे पटवायला ती एकदा दाखवली की भागते. ती नाही हे पटवायला मात्र काय दाखवायचे, हा प्रश्न उरतो. बुद्धिबळ खेळणारी संगणकीय इंजिने आज जगज्जेत्यांच्याही आवाक्याबाहेर गेली आहेत. तरीही डावाच्या शेवटातल्या काही दुर्मीळ बरोबऱ्यांपुढे ती अडखळतात आणि जिंकता येणार नाही अशा डावात एका बाजूला भलामोठा वरचढ आकडा देत राहतात. ही अडचण वेगाची किंवा स्मृतीची वाटते, पण तिच्या मुळाशी ज्ञानशास्त्रातला एक जुना वाद आहे: ‘नाही’ हे कसे कळते?

अभाव कसा कळतो

भारतीय दर्शनांनी हा वाद एका साध्या उदाहरणावर घातला. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे कशाने कळते? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांचे उत्तर असे, की डोळ्याला जमीन दिसते, पण घड्याचे नसणे डोळ्याचा विषय होऊ शकत नाही. म्हणून प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या जोडीला अनुपलब्धी हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानावे लागते. मीमांसेतलाच दुसरा पंथ प्रभाकरांचा. त्यांच्या मते अभाव नावाची वेगळी वस्तूच नाही. नुसती जमीन कळणे यालाच आपण ‘घडा नाही’ असे म्हणतो. नैयायिकांनी अभावाला पदार्थांत स्थान दिले आणि तो प्रत्यक्षानेच कळतो असे सांगितले. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाचा हेतू ठरवले.

उत्तरे चार झाली तरी एका अटीवर सगळ्यांचे बव्हंशी एकमत आहे. वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असावी लागते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. धर्मकीर्ती पिशाचाचे उदाहरण देतात: ते असले तरी दिसेलच असे नाही, म्हणून ते न दिसण्यावरून त्याचे नसणे ठरवता येत नाही. या अटीला योग्यानुपलब्धी किंवा दृश्यानुपलब्धी म्हणतात. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हीच अट ईश्वराच्या प्रश्नाला लावली. ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, हा युक्तिवाद त्यांनी फेटाळला, कारण ईश्वर इंद्रियांनी दिसण्याजोगा विषयच नव्हे. या अटीने ईश्वर सिद्ध होत नाही. घाईने काढलेला नकार तेवढा रोखला जातो.

दुसरी अट प्रतियोगीची. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि ज्याचा अभाव सांगायचा त्याला न्यायशास्त्रात प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी नेमका सांगितल्याशिवाय ‘नाही’ या शब्दाला अर्थ येत नाही. घडा नाही म्हणजे कोणताच घडा नाही, की निळा घडा नाही? बुद्धिबळात हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

या शास्त्राचा आणि खेळाचा संबंध महाराष्ट्राच्या एका विद्वान घराण्यात प्रत्यक्ष आलेला आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट होऊन गेले. त्यांचे वडील शंकर भट्ट हे मीमांसेचे नावाजलेले ग्रंथकार. नीलकंठांच्या ‘भगवंतभास्कर’ या बारा मयूखांच्या धर्मशास्त्रीय ग्रंथापैकी ‘व्यवहारमयूख’ पश्चिम भारतातल्या हिंदू कायद्याचा आधारग्रंथ म्हणून इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांतही चालला. राजनीतीवरच्या ‘नीतिमयूखा’त त्यांनी बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. अनुपलब्धी हे प्रमाण ज्या भाट्ट मीमांसेत मानले गेले, त्याच परंपरेत वाढलेल्या पंडिताला पट आणि मोहरी शास्त्रग्रंथात घ्यावीशी वाटली.

बरोबरीचे प्रकार

बरोबरीत सुटलेले सगळे डाव एका जातीचे नसतात. काही बरोबऱ्या नियमाने लागतात: तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, दोघांनी मान्य केले, किंवा शह नसताना ज्याची पाळी आहे त्याच्यापाशी एकही चाल उरली नाही. दुसरा प्रकार मृत स्थितीचा. एकट्या राजासमोर राजा आणि एक उंट उरला तर दोघांनी मिळून ठरवले तरी मात होणार नाही, कारण त्या मोहऱ्यांतून मातीची आकृतीच बनत नाही. नैयायिकांच्या वर्गीकरणात हा अत्यंताभाव: जे नव्हते, नाही आणि होणारही नाही.

तिसरा प्रकार अधिक नाजूक. एकट्या राजासमोर दोन घोडे असतील तर मातीची आकृती पटावर मांडता येते, पण प्रतिस्पर्धी चुकला नाही तर ती त्याच्यावर लादता येत नाही. येथे अभाव मातीचा नाही, सक्तीच्या मातीचा आहे. प्रतियोगी बदलला. याखेरीज खेळाडूच्या ओळखीची आणखी एक बरोबरी आहे: डाव जिंकलेला होता, घाईत एका प्याद्याची अदलाबदल झाली आणि विजय गेला. होते ते नष्ट झाले, म्हणून हा प्रध्वंसाभाव. इंजिनाला या सर्वांसाठी एकच खूण माहीत आहे, ती म्हणजे शून्य.

इंजिनाचा आकडा कसा बनतो

इंजिन दोन कामे करते. पुढच्या चालींच्या फांद्या ठरावीक खोलीपर्यंत तपासते आणि जिथे तपास थांबतो तिथल्या स्थितीला एक आकडा देते. जुन्या इंजिनांत हा आकडा मोहऱ्यांच्या किमतींवरून निघे: प्यादे एक, घोडा आणि उंट तीनच्या आसपास, हत्ती पाच, वजीर नऊ. त्यात राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना यांची बेरीज-वजाबाकी होई. अशा हिशेबाला उंट आणि एक प्यादे अधिक असलेली बाजू चार प्याद्यांनी पुढे दिसते. पण प्यादे अगदी कडेच्या पट्टीवर असेल, उंट त्या प्याद्याच्या शेवटच्या घरावर मारा न करणाऱ्या रंगाचा असेल आणि एकटा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला असेल, तर डाव जिंकताच येत नाही. विरुद्ध रंगांचे उंट असलेल्या शेवटांतही दोन प्यादी जास्त असून कित्येक डाव बरोबरीत राहतात.

न्यायाच्या परिभाषेत इंजिनाचा आकडा हे अनुमान आहे. ‘जिथे चार प्याद्यांची आघाडी, तिथे विजय’ ही त्याची व्याप्ती. ती बहुतेक ठिकाणी खरी ठरते आणि दुर्मीळ शेवटांत मोडते. अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. नैयायिकांनी अशा व्याप्तीत लपलेली अट शोधून काढायला सांगितली होती. आग असली की धूर असतोच असे नाही. सरपण ओले असेल तरच धूर निघतो. ओल्या सरपणाची ही अट म्हणजे उपाधी. इंजिन लिहिणाऱ्यांनी अनेक दशके नेमके हेच केले. चुकीच्या रंगाचा उंट, दोन घोडे, विरुद्ध रंगांचे उंट अशा एकेका शेवटासाठी स्वतंत्र नियम लिहून ते आकडा शून्याकडे खेचू लागले. म्हणजे एकेक उपाधी हाताने नोंदवली गेली.

पुढे हे नियम लिहिण्याची जागा चेताजालांनी घेतली. जपानी शोगी खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेली पद्धत स्टॉकफिश या इंजिनाने २०२० मध्ये आपल्या बाराव्या आवृत्तीत स्वीकारली आणि २०२४ च्या १६.१ या आवृत्तीपर्यंत हाताने लिहिलेले जुने मूल्यमापन काढून टाकले. चेताजाल कोट्यवधी स्थिती पाहून शिकते, म्हणून ते नेहमीच्या स्थितींत फार अचूक असते. दुर्मीळ स्थिती शिकवणीतच दुर्मीळ असतात. अशा ठिकाणी ते ओळखीच्या स्थितींशी साम्य शोधते आणि साम्यच फसवे असते. आकड्याचा अर्थही आता संख्याशास्त्रीय आहे. स्टॉकफिशचा ‘अधिक एक’ म्हणजे इंजिनांच्या आपसातल्या डावांत अशा स्थितीतून निम्मे डाव जिंकले जातात, अशी सांगड २०२२ अखेरच्या आवृत्तीपासून घातलेली आहे. ‘अधिक तीन’ दाखवणारे इंजिन खोटे बोलत नाही. असे दिसणारे डाव बहुधा जिंकले जातात, एवढेच ते सांगते. समोरचा डाव त्या ‘बहुधा’ला अपवाद आहे का, हे मात्र त्या आकड्यात लिहिलेले नसते.

एक शून्य, तीन अर्थ

पडद्यावर ‘०.००’ दिसले की वाचणारा ‘बरोबरी’ असे समजतो. हे शून्य तीन ठिकाणांहून येते. पहिले अंदाजाचे: दोन्ही बाजूंचा हिशेब सारखा निघाला. दुसरे तपासाचे: इंजिनाला तीच स्थिती पुन्हा आणण्याचा मार्ग सापडला आणि त्याहून चांगले काही त्या खोलीपर्यंत मिळाले नाही. तिसरे सिद्ध झालेले: त्या स्थितीचा पूर्ण हिशेब आधीच झालेला आहे. पहिले अनुमान आहे, दुसरी अनुपलब्धी आहे पण तिची योग्यता तपासलेली नाही, आणि तिसऱ्यात ती योग्यता पुरी झालेली आहे. आकडा तिघांचा एकच.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तपासणी खात्याला हा भेद शिकवावा लागत नाही. लॉटमधले मोजके नग गो-नोगो गेजवर तपासून दोष आढळला नाही, तर ‘लॉट स्वीकारार्ह’ असे लिहितात. ‘लॉटमध्ये दोष नाही’ असे कोणी लिहीत नाही. तसे लिहायचे तर शंभर टक्के तपासणी हवी आणि गेजचे कॅलिब्रेशनही चोख हवे. शिवाय व्यास मोजणाऱ्या गेजला आतली बारीक चीर सापडणार नाही. तिच्यासाठी वेगळे साधन लागते. ‘दोष असता तर सापडला असता’ हे म्हणण्याचा अधिकार साधन, संख्या आणि दोषाचा प्रकार या तिन्हींवर अवलंबून असतो. योग्यानुपलब्धी म्हणजे हाच अधिकार.

इंजिनाची आणखी एक उणीव येथे दिसते. त्याच्यापाशी ‘माहीत नाही’ यासाठी वेगळी खूण नाही. अज्ञानालाही ते आकड्याचेच रूप देते. चाकणपासून जवळ आळंदीला ज्यांची समाधी आहे, त्या ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’तले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाला दिले. अज्ञान म्हणून कोणी स्वतंत्र वस्तू उभी करू लागला तर ती दाखवताच येत नाही, असा त्यांचा रोख आहे. त्यांचा विषय आत्मज्ञानाचा आहे आणि तो बुद्धिबळाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण अज्ञानाला वस्तूचे रूप देऊन त्याच्याशी व्यवहार करण्याचा मोह किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

उलट्या पावलांनी केलेला हिशेब

सिद्ध शून्य जिथून येते त्या साठ्याला टेबलबेस म्हणतात. प्रत्येक स्थितीचे पांढऱ्याचा विजय, काळ्याचा विजय किंवा बरोबरी यांपैकी एकच खरे उत्तर असते, या विचाराचा पाया एर्न्स्ट झर्मेलो यांनी १९१३ मध्ये घातला. उत्तर असणे आणि ते हाती येणे यांत मोठे अंतर होते. ते तुटले उलट्या पावलांनी. पटावर मोजकी मोहरी उरली असता शक्य असलेल्या सगळ्या स्थिती मांडायच्या. त्यांतल्या मात झालेल्या स्थिती आधी खुणावायच्या. मग एका चालीत मात देता येईल अशा, मग प्रतिस्पर्ध्याने काहीही केले तरी तिथे पोहोचणाऱ्या, असे मागे मागे जायचे. एक वेळ अशी येते की नवी खूण करायला स्थिती उरत नाही. ज्यांच्यावर कोणतीच खूण झाली नाही, त्या सगळ्या बरोबरीच्या.

बरोबरी येथे शेष म्हणून कळते. तिची स्वतःची कोणतीही खूण शोधली जात नाही. विजयाची खूण सर्वत्र शोधून ती इथे सापडली नाही, यावरून ती ठरते. कुमारिलांच्या अनुपलब्धीचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. विजय असता तर खूण झालीच असती, कारण एकही स्थिती तपासायची राहिलेली नाही. बरोबरी म्हणजे खुणेविना उरलेली नुसती स्थिती, असे म्हणून प्रभाकरांच्या पक्षालाही हे उदाहरण आपल्या बाजूने घेता येईल.

या कामाचा पसारा मोहऱ्यांबरोबर झपाट्याने वाढतो. रोनाल्ड द मान यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिझिजी टेबलबेसमध्ये दोन्ही राजे धरून सहा मोहऱ्यांपर्यंतचे सगळे शेवट सुमारे १५० गिगाबाइटमध्ये मावतात. २०१८ मध्ये बोजुन गुओ यांनी सात मोहऱ्यांचे काम पुरे केले, त्याला सुमारे १७ टेराबाइट लागतात. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची संख्या ४२३ लाख कोटींहून अधिक आहे. आठ मोहऱ्यांचे शेवट आजही थोडेच सुटले आहेत. पूर्ण बत्तीस मोहऱ्यांचा पट या पद्धतीच्या आवाक्यात येण्याची चिन्हे नाहीत.

पूर्ण हिशेबालाही प्रतियोगीची चौकट असतेच. या टेबलबेसमध्ये किल्लेकोटाचा हक्क शाबूत असलेल्या स्थिती धरलेल्या नाहीत, तेव्हा तिचे ‘नाही’ त्या चौकटीतच खरे. फोनवर टेबलबेस उघडणाऱ्या खेळाडूने स्वतः काहीच तपासलेले नसते, हेही लक्षात घ्यावे. त्याच्यासाठी ते उत्तर शब्दप्रमाण आहे. नैयायिक आप्तवाक्य कशाला म्हणतात? ज्याला विषय खरोखर माहीत आहे आणि जो तो आहे तसा सांगतो, त्याच्या बोलण्याला. टेबलबेस आप्त ठरते ती संगणकाने केली म्हणून नव्हे. तिची पद्धत उघड आहे आणि कोणालाही फिरून पडताळता येते म्हणून.

तटबंदी आणि तिचा भेद

दुर्मीळ बरोबऱ्यांतली सर्वांत गहन जात तटबंदीची. कमी मोहरी असलेली बाजू अशी जागा धरून बसते की बलवान बाजूला आत शिरता येत नाही. माणूस ती बघून ‘येथे काही होणार नाही’ असे म्हणतो. इंजिन चाल करत राहते आणि आकडा तोच राहतो: तीस चाली गेल्या तरी ‘अधिक तीन’. इंजिनकर्ते यावर उपाय म्हणून प्याद्याची चाल किंवा मारामारी न होता जसजशा चाली सरतात तसतसा आकडा शून्याकडे उतरवतात. त्याने पडद्यावरचे चित्र सुधारते. तटबंदी का फुटत नाही याचे ज्ञान त्यातून मिळत नाही.

माणसाचा शब्द मात्र नेहमी खरा ठरलेला नाही. १८५१ मध्ये क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी दोन उंटांविरुद्ध एका घोड्याची एक रचना दाखवली. कोपऱ्याजवळ राजाच्या शेजारी बसलेला घोडा दोन उंट आणि राजा यांना दाद देत नाही, म्हणून ती बरोबरी, असे त्यांनी सांगितले. पुस्तकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत केले. १९८३ मध्ये केन थॉम्पसन यांनी या शेवटाचा पूर्ण हिशेब केला तेव्हा दोन उंटांची बाजू सामान्यतः जिंकते असे निघाले. सर्वांत लांब मार्ग ६६ चालींचा होता. ती तटबंदी फोडता येते आणि घोडा दुसऱ्या कोपऱ्यात ती पुन्हा उभारू पाहतो तेव्हा त्याला अडवताही येते. १३२ वर्षांचा निर्वाळा ‘कोणाला फोडता आली नाही’ या अनुभवावर उभा होता.

चाकणच्या भुईकोटाचा इतिहास हाच धडा देतो. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेने संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने झुंजवला. तोफांनी तट पडत नव्हता. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग उडवला, बुरूज ढासळला आणि किल्ला गेला. वेढ्याच्या पहिल्या सात आठवड्यांत ‘पडला नाही’ हे विधान रोज खरे होते. ‘पडणार नाही’ हे विधान त्यातून कधीच निघत नव्हते, कारण सुरुंगाचा मार्ग अजून कोणी तपासला नव्हता.

समज आणि मोजदाद

गणिती रॉजर पेनरोज यांनी हा वाद चैतन्यापर्यंत नेला. १९८९ आणि १९९४ च्या आपल्या दोन ग्रंथांत त्यांनी असे मांडले, की मानवी समज कोणत्याही गणनक्रियेत पूर्ण बसत नाही. १९९४ च्या ग्रंथात त्यांनी डीप थॉट या संगणकाचे उदाहरण दिले: प्याद्यांच्या भिंतीमुळे डाव सुरक्षित असताना त्याने हत्ती मारण्याच्या लोभाने स्वतःच ती भिंत उघडली. २०१७ मध्ये त्यांच्या नावाच्या संस्थेने एक नवी रचना प्रसिद्ध केली. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. काळ्याकडे राजा, वजीर, दोन हत्ती, एकाच रंगाच्या घरांवर चालणारे तीन उंट आणि पाच प्यादी. त्या काळच्या इंजिनांनी काळ्याला मोठी आघाडी दिली. माणसाला थोड्या विचाराने कळते की वजीर आणि हत्ती प्याद्यांच्या जाळ्यात अडकलेले आहेत, तिन्ही उंट काळ्या घरांवर आहेत, म्हणून पांढऱ्याचा राजा पांढऱ्या घरांवर फिरत राहिला तर त्याला कोणी शह देऊ शकत नाही. पटावर सतरा मोहरी असल्याने टेबलबेसचा येथे उपयोग नाही.

या उदाहरणात एक महत्त्वाची गोष्ट खरी आहे. माणसाने येथे सगळ्या चाली तपासल्या नाहीत. उंट आपल्या रंगाचे घर सोडत नाही, या नियमावरून त्याने असंख्य चाली एका दमात बाद केल्या. अभाव कळण्याचा हा दुसरा मार्ग: शोध संपवून नव्हे, तर अशक्यतेचे कारण दाखवून. धर्मकीर्तींनीही अनुपलब्धीच्या प्रकारांत याला जागा दिली आहे. जिथे आग पेटलेली दिसते तिथे थंड स्पर्श नाही, हे कळायला थंडी शोधत फिरावे लागत नाही.

यावरून पेनरोज काढतात तो मोठा निष्कर्ष मात्र निघत नाही. रंगाचा हा नियम संगणकाला सांगता येतो आणि सांगितला की तोही तेच अनुमान करतो. नेहमीच्या इंजिनांत तो घातलेला नसतो, कारण असल्या स्थिती डावांत क्वचितच येतात आणि त्यासाठी वेग गमवावा लागतो. उणीव रचनेतली आहे. शिवाय क्लिंग-हॉर्विट्झ यांनाही घोड्याची तटबंदी बघून अशीच समज आली होती आणि ती खोटी निघाली. पेनरोजांच्या रचनेत कारण शेवटपर्यंत सांगता येते. १८५१ च्या रचनेत ते सांगता येत नव्हते, केवळ तसे वाटत होते. समज आणि भास यांच्यातला फरक सांगणाऱ्याच्या खात्रीवरून ठरत नाही, कारणाच्या पूर्णतेवरून ठरतो.

नियमाने घडलेली बरोबरी

प्याद्याची चाल किंवा मारामारी न होता पन्नास चाली गेल्या तर खेळाडूला बरोबरी मागता येते. टेबलबेसमुळे पन्नासपेक्षा लांबचे विजय उघड झाले, तेव्हा जागतिक संघटना फिडेने १९८० च्या दशकात काही ठरावीक शेवटांसाठी मर्यादा वाढवली आणि १९९२ मध्ये पुन्हा सरसकट पन्नासवर आणली. २०१४ पासून पंच्याहत्तर चाली झाल्या की कोणी मागणी न करताही डाव बरोबरीत सुटतो. सात मोहऱ्यांच्या शेवटांत मातीपर्यंतचा सर्वांत लांब मार्ग ५४९ चालींचा आहे.

त्यामुळे सिझिजी टेबलबेस तीनऐवजी पाच उत्तरे देते: विजय, शापित विजय, बरोबरी, वरदानी पराभव आणि पराभव. शापित विजय म्हणजे पटाच्या दृष्टीने जिंकलेला, पण पन्नास चालींच्या नियमाने बरोबरीत सुटणारा डाव. समोरच्यासाठी तोच वरदानी पराभव. ‘येथे विजय आहे की नाही’ या प्रश्नाला आता एक उत्तर उरत नाही. मोहऱ्यांच्या चालींपुरता विजय आहे. स्पर्धेच्या नियमांत तो नाही. यात विरोध नाही, कारण दोन अभावांचे प्रतियोगी वेगळे आहेत. पहिल्यात प्रश्न ‘कोणताही विजय’ असा आहे, दुसऱ्यात ‘मर्यादेच्या आतला विजय’ असा. मात ही मोहऱ्यांच्या चालींतून निघते, पन्नास हा आकडा माणसांच्या ठरावातून. पटावरचे सत्य या दोन्हींनी मिळून बनलेले आहे.

आदर्श खेळ आणि प्रत्यक्ष खेळाडू

सिद्ध झालेली बरोबरीसुद्धा एक अट मनात धरून असते: दोघेही चुकणार नाहीत. हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती हा शेवट सिद्धांताने बहुतेक बरोबरीचा आहे, पण तो वाचवताना मोठमोठे खेळाडू हरले आहेत. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेन यांची स्थिती इंजिनाच्या लेखी जवळजवळ समान होती. पंचावन्नाव्या चालीला त्यांनी हत्तींची अदलाबदल देऊ केली, त्यांचा प्रतिस्पर्धी गुकेश याने उंटांचीही अदलाबदल साधली, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या शेवटात डिंग हरले. इंजिनाचे मूल्यमापन येथे चुकले नव्हते. वाचवणे किती अवघड आहे, हा त्या मूल्यमापनाचा विषयच नव्हता.

या साऱ्यावरून निर्णय असा. बरोबरी हा अभाव आहे आणि तो दोनच मार्गांनी कळतो: काहीही शिल्लक न ठेवता केलेल्या तपासाने, किंवा अशक्यतेचे पूर्ण कारण दाखवणाऱ्या अनुमानाने. टेबलबेस पहिल्या मार्गाने जाते, नीट मांडलेली तटबंदीची सिद्धता दुसऱ्या. इंजिनाचा चालू आकडा या दोहोंत बसत नाही. तो अपेक्षा आहे, आणि बहुतेक डावांत अपेक्षा पुरेशी असते. म्हणून पडद्यावरचे शून्य वाचताना तीन प्रश्न विचारावेत: हे अंदाजाने आले, अपुऱ्या तपासाने की पूर्ण हिशेबाने? कोणत्या नियमांच्या चौकटीत? आणि कोणत्या खेळाडूंसाठी? तिन्हींची उत्तरे मिळाली तर ‘विजय नाही’ म्हणावे. न मिळाली तर ‘विजय अजून सापडला नाही’ येथेच थांबावे.